स्टेडियम नको, मैदान द्या

निवडणूक जवळ आली की आमच्या उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात कुठल्या ना कुठल्या बॅनरवर एक स्टेडियम उगवतं. थ्रीडी चित्र असतं. हिरवंगार गवत, चार फ्लडलाइट, निळ्या खुर्च्या, मागे संथ वाहणारी नदी. खाली हात जोडलेले भाऊ. गेल्या वेळी असंच एक चित्र आमच्या शाळेच्या ग्रुपवर आलं. खाली पटापट अंगठे पडले. मी लिहिलं, "नको रे बाबा."

मग जे व्हायचं ते झालं. "आयटीत गेलास, आता गावात काही झालेलं बघवत नाही." "तुझं काय जातं, तू टर्फवर तासाला हजार रुपये मोजतोस." "आपल्याकडे एक ढंगाचं ग्राऊंड नाही आणि हा म्हणतो नको." त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. लोकलमध्ये होतो, ठाण्यापर्यंत एका पायावर. हे ते उत्तर. थोडं लांब आहे, पण बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. वेळ आहे तुमच्याकडे.

मुद्दा एका वाक्यात सांगतो. आपल्याकडे स्टेडियम नाही ही अडचणच नाही. मैदान जातंय, ही अडचण आहे. आणि मैदान घालवायचे जे मार्ग आहेत, त्यातला सगळ्यात टाळ्या मिळवणारा मार्ग म्हणजे त्यावर स्टेडियम बांधणं.

आमचं मैदान

आमचं मैदान उल्हास नदीच्या काठाला होतं. नाव नव्हतं. "नदीवर जातो" म्हटलं की आईला कळायचं. एका बाजूला बाभळी, दुसऱ्या बाजूला विटभट्टीचा जुना ढिगारा, आणि लेग साइडला सरळ नदी. नदीत मारला तर आउट, आणि बॉल ज्यानं मारला त्यानंच आणायचा. एका वेळी चार-पाच मॅच चालायच्या. तुमचा फाइन लेग म्हणजे दुसऱ्यांचा मिडऑफ. संध्याकाळी पोरी लगोरी नाही तर खो-खो खेळायच्या, काका लोक चालायला यायचे, एक आजोबा म्हैस घेऊन यायचे आणि पिचवर म्हैस आली की त्याला आम्ही ड्रिंक्स ब्रेक म्हणायचो.

२६ जुलै २००५ ला मी सात-आठ वर्षांचा होतो. त्या दिवशी ते मैदान नव्हतंच, नुसतं पाणी होतं. पाणी मैदान ओलांडून वर आलं, बऱ्याच घरांत गेलं. पण आधी ते मैदानात पसरलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२ एप्रिल २०११ ची वर्ल्डकपची फायनल आम्ही त्याच मैदानात पाहिली. कुणीतरी प्रोजेक्टर आणला, दोन बांबूंमध्ये पांढरं कापड ताणलं. धोनीनं तो सिक्स मारला तेव्हा किती लोक होते, कुणी मोजलं नाही. तिकीट नव्हतं, गेट नव्हतं, त्यामुळे मोजायचं कारणच नव्हतं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना तिथे पत्रे लागले. आधी निळे पत्रे, मग पत्र्यांवर कारंज्याचं आणि हसऱ्या कुटुंबाचं चित्र, मग 'रिव्हर व्ह्यू'. कोण बिल्डर, कुणाची सही, ह्यात मी शिरत नाही, कारण गोष्ट एका बिल्डरची नाही. तुमच्या गावात तीच गोष्ट दुसऱ्या नावानं घडली आहे.

समुद्र, पोलोचे घोडे आणि एक अर्ज

हे दुःख नवं नाही. मुंबईत ते समुद्राच्या काठावर दीडशे वर्षांपूर्वी सुरू झालं.

फोर्टच्या पश्चिमेला एस्प्लनेडचं मोकळं मैदान होतं. आजच्या आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हलचा तो सगळा पट्टा. समुद्र तेव्हा आजच्यापेक्षा खूप जवळ होता. चर्चगेटपलीकडची कितीतरी जमीन तेव्हा जमीनच नव्हती. १८७५ मध्ये तिथे फक्त गोऱ्यांसाठी बॉम्बे जिमखाना झाला आणि मैदानाचा एक तुकडा आखून घेतला गेला. उरलेल्या भागावर पारशी, हिंदू, मुसलमान पोरं क्रिकेट खेळायची. साहेब लोकांना पोलो खेळायचा होता. पोलोसाठी त्यांना आपला आखीव तुकडा खराब करायचा नव्हता. मग घोडे कुठे पळवले? पोरांच्या पिचवर.

१८८१ मध्ये शेकडो देशी खेळाडूंनी सह्या करून सरकारकडे अर्ज केला. मागणी साधी होती: घोड्यांच्या टापांनी जमीन उखडते, त्यावर चेंडू कसाही उडतो, पोलो दुसरीकडे न्या. सरकारनं आधी ऐकलं, मग जिमखान्याच्या आग्रहापुढे नमून निर्णय फिरवला. ही सगळी लढाई शापूरजी सोराबजी ह्या पारशी गृहस्थांनी १८९७ मध्ये इंग्रजी पुस्तकात लिहून ठेवली. मुंबईच्या क्रिकेटचा सुरुवातीचा इतिहास लिहायला बसलेल्या माणसाला अर्ध्या पुस्तकभर मैदानाचं भांडण लिहावं लागलं, ह्यातच सगळं आलं.

ह्या भांडणातून वाट काय निघाली? मोकळं मैदान सगळ्यांना समान, असा निर्णय झाला नाही. पुढच्या काही वर्षांत केनेडी सी फेसवर, म्हणजे आजच्या मरीन ड्राइव्हच्या त्या भागात, पारशी जिमखान्याला एक तुकडा, इस्लाम जिमखान्याला एक तुकडा, हिंदू जिमखान्याला एक तुकडा. समुद्रकाठ मिळाला, पण धर्म बघून, आणि तुकड्याला कुंपण घालून. कुंपण आलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो: कुंपणाच्या आत कोण?

त्याचं उत्तर पळवणकर बाळूंना विचारा. डावखुरे फिरकी गोलंदाज. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. जात चांभार. पुण्यात हिंदू क्लबकडून खेळताना मैदानावर चेंडू त्यांच्या हातात देत, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या कपात. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद त्यांना कधी मिळालं नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले, १९२३ मध्ये. मैदानातल्या गवताला जात कळत नव्हती. ती पॅव्हेलियनला कळत होती.

हे मी मुद्दाम सांगतोय. जुनं मैदान म्हणजे स्वर्ग होता, असं माझं म्हणणं नाही. 'जुनी मुंबई किती छान' लिहिणाऱ्यांचा मला कंटाळा येतो. जुन्या मुंबईत माझ्या आजोबांना कुठे उभं केलं असतं ते मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच, की भिंत जिथे उभी राहते तिथे दार उभं राहतं, आणि दारावर माणूस उभा राहतो.

खुर्च्यांचं भांडण

पुढची गोष्ट तुम्हाला थोडी माहीत असेल. १९२० च्या दशकात बॅक बेमध्ये भराव टाकायची योजना आली. तिच्यातला गैरकारभार खुर्शीद नरिमन ह्या वकिलानं चव्हाट्यावर आणला. गंमत म्हणजे त्याच भरावाच्या पुढच्या टोकाला आज त्यांचं नाव आहे: नरिमन पॉइंट. त्या भरावाच्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम उभं राहिलं, १९३७ मध्ये. गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्नना अँथनी डिमेलोंनी "पैसा हवा की अमरत्व?" अशा अर्थाचं काहीतरी विचारलं आणि जमीन मिळाली, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा असो वा नसो, स्टेडियमला नाव कुणाचं लागलं ते दिसतंच आहे. समुद्रातून काढलेली जमीन सार्वजनिक, आणि स्टेडियम एका क्लबचं: क्रिकेट क्लब ऑफ इंडिया.

ब्रेबॉर्नवर १९४८ पासून १९७३ पर्यंत कसोट्या झाल्या. मग बंद का झाल्या? पिच खराब झालं म्हणून? गर्दी कमी झाली म्हणून? नाही. तिकिटांवरून. मॅच भरवणारी बॉम्बे क्रिकेट असोसिएशन आणि स्टेडियमचा मालक क्लब ह्यांच्यात, असोसिएशनला किती जागा द्यायच्या ह्यावरून वाजलं. असोसिएशनचे अध्यक्ष होते शेषराव वानखेडे, राजकारणातलं वजनदार नाव. त्यांनी ठरवलं, आपलंच बांधू. ब्रेबॉर्नपासून हाकेच्या अंतरावर, आर्किटेक्ट शशी प्रभूंच्या हातून, साधारण १३ महिन्यांत वानखेडे उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. ब्रेबॉर्नवर त्यानंतर थेट २००९ मध्ये कसोटी आली, ३६ वर्षांनी.

नीट बघा. एका शहराकडे समुद्रकाठी एक चांगलं स्टेडियम होतं. खुर्च्यांच्या वाटपावर भांडण झालं, म्हणून चालत पाच-सात मिनिटांवर दुसरं बांधलं. त्या दोन्हीपैकी एकाही ठिकाणी शनिवारी दुपारी बॅट घेऊन जाऊन तुम्ही खेळू शकत नाही.

पहिल्याच कसोटीत काय झालं तेही सांगतो. क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ केल्या. त्याचं अभिनंदन करायला एक पोरगा कुंपण ओलांडून मैदानात पळाला. पोलिसांनी त्याला धरून मारलं. ते बघून स्टँड पेटला, दंगा झाला, खेळ थांबला. एस्प्लनेडवर खेळ बघायला आलेला माणूस दोरीला लागून उभा राहायचा. इथे दोरीच्या आत पाय टाकला की लाठी. स्टेडियमचं उद्घाटन ह्याहून खरं झालं नसतं.

जे वानखेडे आता नाही

तरीही ते जुनं वानखेडे माझ्या बाबांचं होतं, हे मला मान्य करावं लागेल. बाबा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टवर होते. मे १९९१ मध्ये मुंबई-हरियाणा रणजी फायनल होती. शेवटच्या दिवशी मुंबईला ३५५ हव्या होत्या. सचिन ९६ वर गेला. वेंगसरकर एका बाजूनं लढत राहिला, नाबाद १३९. शेवटचा गडी, अबे कुरुविला, रनआउट झाला आणि मुंबई दोन धावांनी हरली. वेंगसरकर रडला. बाबा सांगतात, तापलेल्या सिमेंटच्या पायरीवर बसलेली अनोळखी माणसंही रडत होती. बाबा नाइट शिफ्ट करून तसेच गेले होते. डब्यात पोळी-भाजी होती, ती शेजारच्याबरोबर वाटून खाल्ली. परतीच्या लोकलमध्ये उभ्याउभ्या झोप लागली आणि अंबरनाथ गेलं, कर्जतला उतरून परत आले. ही गोष्ट मी किमान पन्नास वेळा ऐकली आहे.

ते वानखेडे आज नाही. २०११ च्या वर्ल्डकपसाठी स्टँड पाडून नवे बांधले. नाव तेच, पत्ता तोच, म्हणून कुणाला स्टेडियम नाहीसं झाल्यासारखं वाटलं नाही. पण आकडे बघा. आधी क्षमता साधारण ४५ हजार. नंतर साधारण ३३ हजार. म्हणजे बारा हजार माणसं कमी. छप्पर झकास आहे, खुर्च्या आरामाच्या आहेत, बॉक्स आहेत. कमी झाली ती माणसं कोणती असतील? बॉक्समधली?

२०११ च्या फायनलला त्या ३३ हजारांतली साधारण २० हजार तिकिटं असोसिएशनच्या संलग्न क्लबांकडे गेली, साडेआठ हजार आयसीसीकडे. सामान्य जनतेसाठी उरली चार हजार. त्यातली एक हजार ऑनलाइन विक्रीला ठेवली आणि वेबसाइट कोसळली. मी आता तोच धंदा करतो, त्यामुळे सांगतो: एक हजार तिकिटांसाठी लाखो माणसं आली तर सर्व्हर पडला हा बिघाड नाही. पडलेला सर्व्हर खरं बोलत होता. जे लाइनमध्ये सांगायला लाज वाटली असती, ते त्यानं स्क्रीनवर सांगितलं.

चार हजार. सगळ्या मुंबईला, ठाण्याला, देशाला मिळून चार हजार. त्या रात्री आमच्या नदीकाठच्या मैदानात बांबूला बांधलेल्या कापडासमोर जेवढी माणसं होती, त्यातल्या एकाच्याही घरी तिकीट आलं नव्हतं.

तिकडे पिट्सबर्गमध्ये

तुम्ही म्हणाल, हा आपल्याकडचा वशिला. अमेरिकेत असं नसेल. मग पिट्सबर्ग बघा. कामाच्या निमित्तानं मला तिकडच्या एका टीमबरोबर रात्री उशिरापर्यंत कॉलवर बसावं लागतं. कॉलआधीच्या गप्पांत तिकडचा एकजण बेसबॉलवर बोलतो, मी क्रिकेटवर. तिथून मी शोधत गेलो.

पिट्सबर्गला अलेगेनी नदीच्या काठी एक्स्पोझिशन पार्क नावाचं बेसबॉलचं मैदान होतं. नदी इतकी जवळ की पूर आला की पाणी मैदानात. ४ जुलै १९०२ ला असंच पाणी आत आलं, आउटफिल्डमध्ये साठलं, तरी खेळाडू खेळले. पाण्यात गेलेला फटका एकच बेस धरायचा, असा नियम करून दिवसाच्या दोन्ही मॅच पार पाडल्या. वाचल्यावर मला आमचा 'नदीत मारला तर आउट' आठवला. पुढच्याच वर्षी, १९०३ मध्ये, पहिल्या वर्ल्ड सिरीजच्या चार मॅच तिथे झाल्या. १९०९ मध्ये संघ शहरातल्या नव्या स्टेडियमला गेला आणि एक्स्पोझिशन पार्क नाहीसं झालं. आज तिथे एक खूणफलक आहे, आणि गाड्या लावायची जागा.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्याच काठावर १९७० मध्ये थ्री रिव्हर्स स्टेडियम आलं, प्रचंड, सिमेंटचं गोल कडं. तीस वर्षांत ते जुनाट ठरलं. नवी स्टेडियम बांधायला विक्रीकर वाढवू का, असं १९९७ मध्ये लोकांना मतदानानं विचारलं. लोक म्हणाले, नाही. मग दुसरा मार्ग काढून सार्वजनिक पैसा लावलाच. २००१ मध्ये थ्री रिव्हर्स स्फोटकांनी पाडलं, तेव्हा त्याचं कर्जही पूर्ण फिटलं नव्हतं. म्हणजे लोक हप्ता भरत होते अशा इमारतीचा, जी आता धुळीत होती.

पाण्याकाठची जमीन अशी असते. गरीब असते तोवर पोरांची. पूर येतो, चिखल होतो, कुणाला नको असते. एक दिवस कुणाच्या तरी लक्षात येतं की इथून नदी दिसते.

कल्याणचा हेलिपॅड

आता घरी या. जानेवारी २०१६. कल्याणच्या एका रिक्षावाल्याच्या मुलानं, प्रणव धनावडेनं, शालेय सामन्यात एका डावात नाबाद १००९ केल्या. जगात कुणी केल्या नव्हत्या. दोन दिवस आमची सेंट्रल लाइन छाती फुगवून फिरत होती. नेते आले, हार आले, फोटो आले.

त्याच वर्षीचा डिसेंबर. कल्याणचं सुभाष मैदान. प्रणव तिथे खेळत होता. एका केंद्रीय मंत्र्यांचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं, त्यासाठी मैदान रिकामं करायला सांगितलं. तो म्हणाला, खेळाच्या मैदानावर हेलिपॅड कशाला? पोलिसांनी त्याला धरून चौकीत नेलं.

१८८१ मध्ये घोडे होते, २०१६ मध्ये हेलिकॉप्टर. मधे ब्रिटिश गेले, स्वातंत्र्य आलं, महाराष्ट्र झाला, आपण वर्ल्डकप जिंकलो. पोरगा तिथेच उभा आहे, हातात बॅट घेऊन, आणि त्याला कुणीतरी सांगतंय: बाजूला हो, मोठी माणसं येतायत. एक फरक मात्र आहे. १८८१ ला शेकडो जणांनी सह्या केल्या होत्या. २०१६ ला आपण बातमी शेअर केली.

नदीचं म्हणणं

आता इंजिनिअर म्हणून दोन गोष्टी. कंटाळा येणार नाही अशा सांगतो.

पहिली, पूररेषा. नदीकाठी जलसंपदा खातं दोन रेषा आखतं. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल रेषा म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. निळ्या रेषेच्या आत बांधकाम नको, तिथे मोकळ्या जागेचेच वापर असावेत, असं नियमच सांगतो: बाग, मैदान. म्हणजे नदीकाठचं मैदान ही चैन नाही. ते पाण्याची बसायची जागा आहे. वर्षाचे तीनशे साठ दिवस पोरांचं, उरलेले पाच दिवस नदीचं. एवढी स्वस्त पूरयंत्रणा जगात दुसरी नाही. वीज लागत नाही, पंप लागत नाही, फक्त तिथे काही बांधायचं नाही एवढंच करावं लागतं. आणि आपल्याला नेमकं तेवढंच जमत नाही.

२७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली. हजारावर प्रवासी, नौदल, हेलिकॉप्टर, बोटी, देशभर लाइव्ह. त्या दिवशी आमच्या जुन्या मैदानाचं पाणी कुठे गेलं? मैदान नव्हतं, म्हणून पार्किंगमध्ये गेलं. 'रिव्हर व्ह्यू' घेणाऱ्यांना रिव्हर अगदी दारात बघायला मिळाली. मला हसू आलं नाही. त्यातले दोन माझ्या वर्गातले आहेत, वीस वर्षांचं कर्ज काढून राहतात.

दुसरी, आरक्षण. शहराच्या विकास आराखड्यात 'खेळाचं मैदान' असं आरक्षण असतं. आपल्याला वाटतं, आरक्षण आहे म्हणजे मैदान आहे. तसं नसतं. १९६६ च्या नगररचना कायद्यात कलम १२७ आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत संपादनाचं पाऊल पडलं नाही, तर आरक्षण आपोआप रद्द. मालकाचा दोष नाही. कुणाची जमीन जन्मभर अडकवून ठेवणं हाही अन्यायच. पण मैदान घालवायचं असेल तर कुणाला काहीच करावं लागत नाही, ही गोष्ट भयानक आहे. लाच नको, ठराव नको, बुलडोझर नको. फाइल टेबलावर ठेवायची आणि कॅलेंडर बघत बसायचं.

मग स्टेडियमचं बॅनर मला का खुपतं, ते कळलं? एका स्टेडियमला जेवढे कोटी लागतील, तेवढ्यात अशी किती आरक्षणं संपादन करून वाचवता येतील, हा हिशेब त्या बॅनरवर कधीच नसतो. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगर पाच लाखांवर होतं, अंबरनाथ अडीच लाख, बदलापूर पावणेदोन लाख. आता कितीतरी जास्त असणार, सकाळी ७.२० च्या लोकलला चढून बघा. एवढ्या पोरांना एक स्टेडियम म्हणजे एका ताटात एक लाडू आणि बाजूला हजार जण.

तुमचे तीन प्रश्न

"मोकळं मैदान राहत नाही. तिथे कचरा पडतो, दारू पितात, गाड्या लागतात." खरं आहे. म्हणून कुंपणच नको असं मी म्हणत नाही. मुंबईचं ओव्हल मैदान असंच दुर्दशेला गेलं होतं. आसपासच्या रहिवाशांनी कोर्टापर्यंत जाऊन ते सांभाळायला घेतलं, रेलिंग आहे, फाटक आहे, आणि तरी आज तिथे कुणीही बॅट घेऊन जातो. राखण वेगळी आणि मालकी वेगळी. फाटकाला वेळ असावी, फी नसावी.

"पण टर्फ आहेत की." आहेत. मी जातो. आठ जण मिळून हजार-बाराशे रुपये, तासाची शिट्टी वाजली की बाहेर. मला परवडतं. मी तेरा वर्षांचा असताना परवडलं असतं? बाबांच्या पगारात? टर्फवर मला कधी म्हैस भेटली नाही, लगोरी खेळणाऱ्या पोरी भेटल्या नाहीत, अनोळखी पोरगा "एक जण कमी आहे का?" विचारत आला नाही. मैदानात आपण खेळायचो ते सोडा. मैदानात आपल्याला आपलं गाव भेटायचं.

"स्टेडियम नसेल तर आपल्यातून मोठा खेळाडू कसा होणार?" शार्दूल ठाकूर पालघरहून लोकलनं किट घेऊन यायचा. सचिन-कांबळीची १९८८ ची ६६४ ची भागीदारी आझाद मैदानावरची, जिथे एका वेळी डझनावर मॅच चालतात. प्रणवच्या १००९ कल्याणच्या साध्या मैदानावरच्या. स्टेडियम खेळाडू दाखवतं. खेळाडू तयार होतो तो मैदानात.

मागणी

म्हणून त्या ग्रुपवरच्या माझ्या मित्रांना, आणि बॅनरवरच्या भाऊंनाही, सरळ मागतो. उल्हास आणि वालधुनीच्या निळ्या रेषेच्या आतली जी मोकळी जमीन अजून उरली आहे, ती मैदान म्हणून सोडा. तिथे खुर्ची नको, छप्पर नको, उद्घाटनाची फरशीही नको. दोन बाकडी, एक नळ, एक शौचालय काठापासून वर. आराखड्यातली मैदानांची आरक्षणं वॉर्डावार फलकावर लावा, प्रत्येकाला किती वर्षं झाली ते लिहा, म्हणजे दहावं वर्ष उजाडायच्या आधी आम्ही दारात येऊ. आणि मैदानावर सभा, प्रदर्शन, हेलिकॉप्टर काहीही उतरवायचं असेल तर आधी खेळणाऱ्यांना विचारा.

आणि आपण काय करायचं? आराखड्याचा मसुदा निघतो तेव्हा हरकती-सूचना मागवतात. त्या साध्या कागदावर देता येतात. मी आजवर एकदाही दिली नव्हती. तुम्ही दिली आहे? आपण ऑफिसात एका बटणाच्या रंगावर चाळीस कमेंट टाकतो. गावाच्या नकाशावर एक टाकत नाही.

बाबा आता रिटायर झालेत. मागच्या वर्षी मी त्यांना वानखेडेला घेऊन गेलो, ऑफिसमधून मिळालेल्या पासवर. एसी, बुफे, मऊ खुर्ची. बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मॅच छान आहे रे. पण शेजारच्याशी बोलताच येत नाही." परत येताना अंबरनाथ गेलं, बदलापूर आलं. पुलावरून नदी दिसली. तिकडे अजून एक मोकळा तुकडा आहे, आमच्या जुन्या मैदानाच्या थोडा पुढे. अंधार पडत होता, तरी पोरं खेळत होती. पत्रे अजून लागलेले नाहीत.

मी हरकतीचा कागद लिहून ठेवलाय. खाली सहीला जागा बरीच आहे.